एम्ब्रियॉलॉजीचं मिश्र अध्यापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. एक, मेडिकल कॉलेजांतले ॲनाटॉमीचे शिक्षक, ज्यांना एम्ब्रियॉलॉजी, म्हणजे गर्भाच्या घडणीचा अभ्यास, ऑनलाइन साहित्याच्या मदतीने शिकवायची आहे पण कुठवर ऑनलाइन न्यायची हे ठरत नाही. दोन, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची मुलंमुली, ज्यांच्या फोनमध्ये व्हिडिओ भरपूर आहेत आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) तोंडातून शब्द फुटत नाही. प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत. उत्तरं ॲनाटॉमी विभागात रोज हा विषय शिकवणाऱ्याची आहेत.

लेक्चरची पीपीटी ग्रुपवर टाकली, रेकॉर्डिंगची लिंक दिली. हे मिश्र अध्यापन झालं का?

नाही. ती सोय झाली, आणि सोय चांगलीच असते; पण शिकवण्याची पद्धत त्याने बदलत नाही. मिश्र अध्यापनात विषयाचा एक भाग विद्यार्थी स्वतःच्या वेळेत स्क्रीनवर शिकतो, दुसरा भाग वर्गात शिक्षकासमोर शिकतो, आणि हे दोन भाग एकमेकांशिवाय अपुरे राहतील असे मुद्दाम आखलेले असतात. आपली आखणी तपासायला दोन प्रश्न पुरतात. व्हिडिओ न बघता आलेल्याला वर्गात काही अडतं का? आणि वर्ग बुडवलेल्याला नुसत्या व्हिडिओवर भागतं का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचं ‘हो’ आलं, तर दोन्हीपैकी एक गोष्ट फुकट चालली आहे.

ॲनाटॉमीतले बाकी विषय सोडून एम्ब्रियॉलॉजीवरच एवढा भर कशासाठी?

कारण बाकी ॲनाटॉमी डिसेक्शन हॉलमध्ये हाताला लागते, एम्ब्रियॉलॉजी लागत नाही. ब्रॅकियल प्लेक्सस (हाताच्या नसांचं जाळं) कॅडॅव्हरमध्ये, म्हणजे मृतदेहात, शोधता येतो, बोटाने धरता येतो. तिसऱ्या आठवड्यातली प्रिमिटिव्ह स्ट्रीक (जिथून भ्रूणाचे थर बनतात ती रेघ) साधारण एक-दोन मिलिमीटरच्या चकतीवर असते, आणि ती टेबलावर कधीच येणार नाही. शिवाय इथे शिकायची गोष्ट आकार नसून बदल आहे. चपटी तीन थरांची चकती चौथ्या आठवड्यात दोन्ही बाजूंनी आणि डोक्या-शेपटीकडून दुमडते आणि शरीराला आतली पोकळी मिळते. हृदयाची सरळ नळी बाविसाव्या दिवसाच्या सुमारास धडधडू लागते आणि त्याच सुमारास वळायला लागते. पुस्तकात याची चार चित्रं असतात. चित्र ‘अ’ आणि चित्र ‘ब’ यांच्यामध्ये काय घडलं ते मुलांनी मनात पाहायचं असतं, आणि नेमकं तिथेच गाडी अडते. मग पाठांतर सुरू होतं.

हालचाल दाखवायला पडदा फळ्यापेक्षा चांगला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती हालचाल चुकली तर बाळाला काय होईल, हे ओळखायला शिकणं ॲनिमेशन बघून होत नाही. त्यासाठी कोणीतरी समोर बसून प्रश्न विचारावा लागतो, चुकीचं उत्तर ऐकून घ्यावं लागतं आणि पुन्हा विचारावं लागतं. म्हणून माझी वाटणी सरळ आहे: हालचाल पडद्यावर, विचार वर्गात.

आपल्या अभ्यासक्रमात हे बसतं का?

बसतं. २०१९ च्या बॅचपासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात ॲनाटॉमीच्या क्षमता क्रमांकांनिशी दिलेल्या आहेत. सामान्य एम्ब्रियॉलॉजी एएन ७६ ते एएन ८१ मध्ये येते: ओळख, गॅमेटोजेनेसिस (बीजपेशी तयार होणं) आणि फलन, दुसरा आठवडा, तिसरा ते आठवा आठवडा, गर्भावरणं, प्रसूतिपूर्व निदान. अवयवांची एम्ब्रियॉलॉजी त्या-त्या भागाबरोबर विखुरलेली आहे. हृदय आणि फुप्फुसं छातीबरोबर, आतडं पोटाबरोबर, चेहरा आणि टाळू डोक्या-मानेबरोबर. त्याच अभ्यासक्रमात लहान गटातलं शिक्षण, स्वयं-अध्ययन आणि अर्ली क्लिनिकल एक्स्पोजर (सुरुवातीपासून रुग्णांशी ओळख) यांना वेगळी जागा आहे. मिश्र पद्धतीला लागतं ते एवढंच.

हजेरीचा प्रश्न लगेच येतो. थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, आणि ती वर्गाची असते. व्हिडिओ बघणं हजेरीत धरू नका. मोबाइल चालू ठेवून मुलं जेवायला जातात.

कुठलं ऑनलाइन साहित्य भरवशाचं आहे?

यूट्यूबवर ‘एम्ब्रियॉलॉजी’ टाकलं की हजारो व्हिडिओ येतात. त्यातले बरेच परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी बनवलेले असतात. विभागाने स्वतः बघून निवडलेली यादी मुलांना देणं हे शिक्षकाचं काम आहे, आणि ती यादी लहान हवी. माझ्या यादीत पुढच्या गोष्टी कायम असतात.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात डॉ. मार्क हिल यांनी उभं केलेलं एम्ब्रियॉलॉजीचं संकेतस्थळ संदर्भासाठी उत्तम आहे. विस्तार प्रचंड असल्याने पहिल्या वर्षाच्या मुलाला तिथे एकट्याला सोडू नका, नेमक्या पानाची लिंक द्या. स्वित्झर्लंडमध्ये फ्रिबुर्ग, लोझान आणि बर्न या तीन विद्यापीठांनी एकत्र येऊन वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ऑनलाइन एम्ब्रियॉलॉजीचा अभ्यासक्रम तयार केला. धड्याची उद्दिष्टं आधी, मग मजकूर, मग स्वतःला तपासायचे प्रश्न ही त्याची मांडणी आपणही उचलावी अशी आहे.

तिसरी गोष्ट ॲमस्टरडॅमचा मानवी भ्रूणाचा त्रिमितीय ॲटलास. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०१६ मध्ये त्याबद्दलचा लेख आला. कार्नेगी संग्रहातल्या भ्रूणांचे सुमारे १५,००० छेद डिजिटल करून, त्यातला प्रत्येक अवयव वेगळा रंगवून हा ॲटलास केला आहे, आणि तो कार्नेगी स्टेज ७ ते २३ दाखवतो. पुस्तकांतल्या कितीतरी आकृत्या कोंबडी आणि उंदराच्या भ्रूणांवरून आलेल्या आहेत आणि माणसात क्रम तसाच असेल असं नाही, हे या कामातून पुढे आलं. मुलांना हे सांगावं. छापलेलं सगळं कायमचं नसतं, हे पहिल्या वर्षीच कळलेलं बरं. एक तांत्रिक सूचना: त्याच्या त्रिमितीय पीडीएफ फाइली कॉम्प्युटरवर ॲडोबी रीडरमध्ये फिरवता येतात. फोनवर उघडून ‘सर, काही हलत नाही’ असे निरोप येतील, म्हणून लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर त्या आधीच टाकून ठेवा.

हा कार्नेगी संग्रहसुद्धा मुलांना माहीत असायला हवा. फ्रँकलिन मॉल यांनी जमवायला घेतलेल्या भ्रूणांसाठी १९१४ मध्ये बाल्टिमोरला कार्नेगी संस्थेचा एम्ब्रियॉलॉजी विभाग सुरू झाला. पहिल्या आठ आठवड्यांचे २३ टप्पे आपण आज ज्या नावाने ओळखतो ते तिथून आले.

जुन्या संकेतस्थळांवरची काही ॲनिमेशन्स फ्लॅशमध्ये होती आणि ॲडोबीने फ्लॅश २०२० अखेर बंद केलं. म्हणून दरवर्षी टर्म सुरू होण्याआधी प्रत्येक लिंक स्वतः उघडून बघा.

एखादा विषय प्रत्यक्ष कसा घ्यायचा ते सांगा.

मिडगट रोटेशन घेऊ, म्हणजे भ्रूणाचं मधलं आतडं कसं फिरतं ते. दरवर्षी सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

वर्गाच्या दोन दिवस आधी सात-आठ मिनिटांचं एक ॲनिमेशन द्यायचं. त्यात इतकंच: सहाव्या आठवड्यात मिडगटची गुंडाळी नाळेत शिरते, सुपीरियर मेझेंटेरिक आर्टरी (आतड्याची रक्तवाहिनी) हा तिचा अक्ष, बाहेर असताना ९० अंश, परत येताना १८० अंश, एकूण २७० अंश घड्याळाच्या उलट, दहाव्या आठवड्यात आतडं पोटात परत. व्हिडिओखाली तीन प्रश्न. त्यातला एक मुद्दाम असा की उत्तर व्हिडिओत थेट सांगितलेलं नाही: परत येताना आतड्याचा कुठला भाग आधी आत जातो, आणि त्यामुळे तो कुठल्या बाजूला बसतो?

वर्गात येताना प्रत्येक गटाला जुन्या आयव्ही सेटची हातभर नळी, लाल आणि निळी टेप आणि एक पेन. नळीची गुंडाळी करून वरच्या भागाला लाल टेप लावायची, हा क्रेनियल लिंब. खालच्या भागाला निळी, हा कॉडल लिंब. पेन मधून आडवं धरायचं, टोक बघणाऱ्याकडे. ही आर्टरी. एकाने नळी धरायची आणि दुसऱ्याने तिच्यासमोर उभं राहायचं, म्हणजे भ्रूण आपल्याकडे तोंड करून आहे. आता समोरच्याला दिसेल तसं, घड्याळाच्या उलट पाव फेरा. लाल भाग बारावरून नवावर, म्हणजे भ्रूणाच्या उजव्या बाजूला गेला. इथे थांबायचं आणि विचारायचं: ‘आतडं फिरणं इथेच थांबलं आणि ते असंच आत गेलं तर?’ मुलं नळीकडे बघून स्वतः सांगतात की लहान आतडं उजवीकडे, मोठं आतडं डावीकडे राहील. नॉनरोटेशन त्यांनी स्वतः शोधून काढलं.

मग पुढचा अर्धा फेरा. लाल भाग खालून, आर्टरीच्या मागून फिरून भ्रूणाच्या डावीकडे येतो. जेजुनम (लहान आतड्याचा मधला भाग) पहिल्यांदा आत शिरतं आणि डावीकडे बसतं. निळा भाग वरून, आर्टरीच्या पुढून उजवीकडे जातो. सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) शेवटी येतं, लिव्हरखाली थांबतं आणि नंतर उजव्या इलियाक फॉसाकडे (पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्याकडे) उतरतं. ट्रान्सव्हर्स कोलन (मोठ्या आतड्याचा आडवा भाग) ड्युओडेनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या) पुढे का असतो, याचं उत्तर त्यांच्या हातात दिसत असतं.

हे करताना हमखास एक गट भांडत असतो: नळी धरणारा म्हणतो ‘घड्याळाच्या दिशेने फिरली’, समोरचा म्हणतो ‘उलट’. दोघंही आपापल्या जागेवरून खरं बोलत असतात. ते भांडण मिटवायची घाई करू नका. कुणाच्या नजरेतून उलट, हा प्रश्न एकदा असा भिडला की आयुष्यभर विसरला जात नाही, आणि कुठलाही व्हिडिओ हा प्रश्न मुलाच्या तोंडून काढू शकत नाही.

शेवटची वीस मिनिटं केसला. तीन दिवसांचं बाळ, दूध पाजल्यावर हिरवी उलटी. हिरवी म्हणजे पित्त, म्हणजे अडथळा ॲम्पुलाच्या, पित्त आतड्यात उतरतं त्या जागेच्या, खाली. मॅलरोटेशन (आतडं नीट न फिरणं) असेल तर ड्युओडेनोजेजुनल फ्लेक्शर (ड्युओडेनम आणि जेजुनम जुळतात ते वळण) मणक्याच्या डावीकडे आपल्या जागी नसेल, मेझेंटरीचं (आतडं मागच्या भिंतीला धरणाऱ्या पडद्याचं) मूळ अरुंद राहिलं असेल, आणि त्या अरुंद देठाभोवती सगळं आतडं पिळलं जाऊ शकतं. अशा बाळाला लगेच सर्जनकडे पाठवावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात एकट्याने ड्यूटी करताना हिरवी उलटी बघून ज्याला ही नळी आठवेल, त्याच्यासाठी हा तास घेतलेला असतो.

एक्झॉम्फॅलॉस आणि गॅस्ट्रोस्किसिस या, आतडं पोटाबाहेर राहण्याच्या दोन दोषांतला फरक मी वर्गात घेत नाही. तो वाचून समजतो: एकावर पडदा असतो आणि ते नाळेच्या मुळाशीच असतं, दुसऱ्यावर पडदा नसतो आणि ते नाळेच्या बाजूला, बहुतेकदा उजवीकडे असतं. असं जे वाचून समजतं ते ऑनलाइन भागात टाकावं.

मुलं व्हिडिओ बघूनच येत नाहीत. मग काय करायचं?

दोन गोष्टी. पहिली, न बघता आलेल्यांसाठी वर्गात व्हिडिओ पुन्हा लावू नका, किंवा त्याचा सारांश सांगू नका. एकदा सांगितला की पुढच्या वेळी कोणीच बघणार नाही. दुसरी, तास सुरू होताच पाच प्रश्नांची छोटी चाचणी घ्या. गुण नाममात्र ठेवा, पण लॉगबुकमध्ये नोंद ठेवा. उत्तरांवरून तुम्हालाही कळतं की आज कुठे वेळ द्यायचा. सगळ्यांना गॅस्ट्रुलेशन (तीन थर तयार होणं) जमलं आणि नोटोकॉर्ड अडलं असेल तर तास नोटोकॉर्डवर घालवा.

आणि व्हिडिओचा वेळ वेळापत्रकात दाखवा. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच कॉलेज, त्यात फिजिओलॉजी आणि बायोकेमिस्ट्रीचंही ‘घरून बघून या’, हे मुलांवर लादलेलं जादा ओझं होतं. एक तासाचं लेक्चर रद्द करून त्या जागी व्हिडिओ द्या, वर चढवू नका.

व्हिडिओत ‘सहाव्या आठवड्यात हृदयाचे ठोके’ म्हणतात, पुस्तकात बाविसावा दिवस. खरं कोणतं?

दोन्ही. मोजायची सुरुवात वेगळी आहे. एम्ब्रियॉलॉजीचं पुस्तक फलनापासून मोजतं, स्त्रीरोग विभाग शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. त्यामुळे साधारण दोन आठवड्यांचा फरक पडतो. ऑनलाइन साहित्यात दोन्ही पद्धती सर्रास मिसळलेल्या असतात, म्हणून कुठल्याही व्हिडिओला लिंक देताना शेजारी लिहा: ‘वय फलनापासून’ किंवा ‘वय एलएमपीपासून’ (शेवटच्या पाळीपासून).

यावरचा एक सराव मी कधीच चुकवत नाही. वर्गात कॅलेंडर द्यायचं. बाईंची शेवटची पाळी १ जूनला आली, चक्र २८ दिवसांचं. फलन साधारण १५ जूनला. पुढची पाळी २९ जूनला यायला हवी होती, आली नाही. न्यूरल ट्यूबचं (जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या नळीचं) पुढचं तोंड पंचविसाव्या दिवशी आणि मागचं अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास बंद होतं. म्हणजे १० आणि १३ जुलै. पाळी चुकून फक्त दोन आठवडे झाले. बाई अजून दवाखान्यात आलेली नाही. आली तरी लघवीची तपासणी, मग पुढच्या आठवड्यात नाव नोंदणी. फॉलिक ॲसिडची गोळी तिच्या हातात पडेपर्यंत ट्यूब बंद झालेली असते, किंवा उघडी राहिलेली असते.

मुलांनी या तारखा स्वतः कॅलेंडरवर गोल करून पाहिल्या की ‘गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम’ हे वाक्य पाठ करावं लागत नाही. आधी न्यूरल ट्यूब उघडी राहिलेलं बाळ झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिल्यावर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं, हे ब्रिटनमधल्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९९१ मध्ये दाखवलं. तोही आकडा इथेच सांगावा. थॅलिडोमाइड या औषधासाठी हेच कॅलेंडर पुन्हा वापरता येतं. फलनानंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसांदरम्यान घेतलेल्या गोळ्यांनी हातापायांचं नुकसान केलं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांचं काय?

त्यांना व्हिडिओचा फायदा सगळ्यात जास्त होतो, कारण व्हिडिओ थांबवता येतो. लेक्चरमध्ये हात वर करून ‘सर, पुन्हा सांगा’ म्हणायला जी मुलगी कचरते ती रात्री हॉस्टेलवर तोच भाग चार वेळा बघते. परदेशी उच्चार आणि वेग हा अडथळा खरा आहे. विभागाने स्वतःचे व्हिडिओ केले तर बोलणं मराठीत, संज्ञा इंग्रजी, अशी आपली रोजची भाषा ठेवायला काहीच हरकत नाही. संज्ञा मात्र पडद्यावर लिहून दाखवा, कारण पेपरात स्पेलिंग लागतं. गटचर्चेत मुलांना ज्या भाषेत सुचतं त्या भाषेत बोलू द्या. विचार एकदा नीट मांडता आला की त्याचं इंग्रजी करणं शिकवता येतं.

व्हिडिओ स्वतः करायचा तर कसा?

एका व्हिडिओत एकच घटना. सहा ते आठ मिनिटं. फळ्यावर किंवा कागदावर तुमचा हात आकृती काढताना दिसू द्या. मुलं त्या हाताबरोबर वहीत काढतात. तयार पीपीटीवर आवाज चढवून चाळीस मिनिटांची फाइल करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरुपयोगी मार्ग आहे. भ्रूणाच्या तीन थरांचे रंग ठरवून घ्या, एक्टोडर्म निळा, मेसोडर्म लाल, एंडोडर्म पिवळा, आणि वर्षभर, सगळ्या शिक्षकांनी, फळ्यावर आणि व्हिडिओत तेच पाळा. पुस्तकातली चित्रं स्कॅन करून व्हिडिओत टाकू नका. कॉपीराइटचा प्रश्न आहेच, शिवाय स्वतः काढलेलं साधं चित्र मुलांना परीक्षेत काढता येतं.

पहिल्या आठवड्यासाठी मात्र खऱ्या चित्रफिती दाखवाव्यात. आयव्हीएफ (टेस्ट-ट्यूब बेबी) प्रयोगशाळांमधल्या टाइम-लॅप्स फितींमध्ये फलित बीजाचं दोन पेशींत विभाजन आणि पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट (पेशींचा पोकळ गोळा) स्पष्ट दिसतो. सोबत आपल्याकडच्या आयव्हीएफचा इतिहासही सांगा: कोलकात्यात १९७८ मध्ये डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी केलेलं काम, ज्याची दखल घ्यायला आपण फार उशीर केला, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑगस्ट १९८६ मध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या देखरेखीखाली जन्मलेलं बाळ.

हॉस्टेलवर नेट चालत नाही.

फाइल डाउनलोड करता येईल अशी ठेवा, कमी रिझोल्यूशनची प्रतही द्या. लायब्ररीत किंवा विभागात एका कॉम्प्युटरवर सगळं साहित्य पेन ड्राइव्हवर नेता येईल असं असावं. मूडल (ऑनलाइन वर्गाची प्रणाली) चालवायला कॉलेजकडे माणूस आणि सर्व्हर असेल तर छान. नसेल तर गूगल क्लासरूम पुरतं.

आता आकृत्या काढायची गरज उरली का?

उरली, आणि वाढली. ॲनिमेशन बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं. कोरा कागद समोर आला की कळतं. व्हिडिओ संपल्यावर फोन उलटा ठेवून पाच मिनिटांत आठवून आकृती काढायची, मग व्हिडिओ उघडून स्वतःच तपासायची. स्मरणावरचा २००६ मधला एक प्रसिद्ध प्रयोग हेच सांगतो: मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी पुढे होते, पण स्वतःला आठवायला लावणारे आठवड्याने पुढे गेले. विद्यापीठाची परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

गॅस्ट्रुलेशन आणि भ्रूणाचं दुमडणं यासाठी तीन रंगांचे कागद किंवा मातीचे थर वापरा. हृदयाच्या वळणासाठी शाडूची माती उत्तम. विभागाच्या म्युझियममधली जुनी मॉडेल्स कपाटात कुलूपबंद ठेवू नका. ती व्हायवाच्या दिवशीच बाहेर निघाली तर मुलांना त्यांची भीतीच वाटणार.

म्युझियममधल्या गर्भांच्या नमुन्यांचे फोटो काढून ऑनलाइन टाकावेत का?

माझं मत ठाम आहे: खुल्या ठिकाणी नाही. काचेच्या बरणीतला ॲनेनसेफॅलीचा (मेंदू आणि कवटी नीट न बनण्याच्या दोषाचा) नमुना हे कुणाचंतरी हवंहवंसं बाळ होतं. विभागाच्या लॉगिनमागे, अभ्यासापुरते, संस्थेच्या परवानगीने फोटो ठेवता येतील. मोबाइल घेऊन म्युझियममध्ये जायची मुभा देऊ नये, स्टेटसला फोटो गेला तर तो परत आणता येत नाही. मुलांना पहिल्याच दिवशी हे समजावून सांगा. कॅडॅव्हरसमोर जी शपथ आपण घेतो ती या बरण्यांनाही लागू आहे.

बोलण्यातही जपावं लागतं. शंभर-दीडशेच्या वर्गात कुणाच्यातरी घरी दुभंगलेल्या ओठाचं भावंड असतं, कुणाच्यातरी आईचा गर्भ गेलेला असतो. ‘डिफेक्टिव्ह बेबी’ हा शब्द वर्गात नको.

सोनोग्राफीच्या क्लिप वापरताना काय काळजी घ्यायची?

रुग्णाचं नाव, तारीख, नोंदणी क्रमांक काढून टाकलेली क्लिपच वापरा, आणि रेडिओलॉजी विभागाकडून रीतसर घ्या. गर्भाचं लिंग दिसेल असा भाग घेऊ नका. प्रसूतिपूर्व निदान शिकवताना कायदा त्याच तासाला शिकवावा. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. १९९४ मध्ये केंद्राचा आला, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. शब्दांनी, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे लिंग सांगणं हा गुन्हा आहे. पेढा की बर्फी अशी खूणही त्यात आली, हे मुलांना स्पष्ट सांगा. जननेंद्रियांचा विकास आकृत्यांवरून पूर्ण शिकवता येतो, त्यासाठी क्लिप लागत नाही.

रुग्णाचे नातेवाईक जे प्रश्न विचारतात त्यांची तयारी यात होते का?

व्हायलाच हवी, आणि माझ्या लेखी हा भाग परीक्षेपेक्षा मोठा आहे. एक रोल-प्ले दरवर्षी घ्यावा. ओठ दुभंगलेलं बाळ जन्माला आलंय. एक विद्यार्थी डॉक्टर, एक बाळाची आई, एक आजी. आजी म्हणते, ‘ग्रहणात हिने भाजी चिरली, नको म्हणत होते मी. सातवा महिना होता.’ आई खाली मान घालून बसली आहे.

व्हिडिओत मुलांनी पाहिलेलं असतं की वरचा ओठ मॅक्सिलरी आणि मेडियल नेझल प्रोसेस हे चेहऱ्याचे उंचवटे जुळून सातव्या आठवड्यापर्यंत तयार होतो, आणि तोंडातली टाळूही तिसरा महिना संपेपर्यंत मिटते. आता हे आजींना सांगायचं आहे. सुरुवातीला मुलं पुस्तकी इंग्रजी बोलतात. दोन-तीन गटांनंतर कुणीतरी बरोबर बोलतं: ‘आजी, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच तयार होतो. ग्रहण सातव्या महिन्यात होतं. तेव्हा ओठ कधीचा होऊन गेला होता. यात सूनबाईंचा काही दोष नाही. ऑपरेशन होतं, बाळ छान दूध पिईल, आधी पाजायचं कसं ते दाखवतो.’

एवढ्या चार वाक्यांसाठी फेशियल प्रोसेसेसचा सगळा तक्ता शिकायचा असतो. वर्षानुवर्षं एका बाईला घरात टोमणे ऐकावे लागणं ही चार वाक्यं थांबवू शकतात.

याने मार्क खरंच वाढतात का?

प्रामाणिक उत्तर: पद्धत कशी राबवली यावर आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात निव्वळ लेक्चरच्या वर्गात नापास होण्याची शक्यता सक्रिय अध्यापनाच्या वर्गापेक्षा दीडपट निघाली. अमेरिकेच्या शिक्षण विभागाच्या २०१० च्या अहवालात मिश्र पद्धत केवळ वर्गापेक्षा सरस ठरली, पण त्यांनीच हेही नोंदवलं की मिश्र गटांना बऱ्याचदा जादा वेळ आणि जादा साहित्य मिळालं होतं. म्हणजे श्रेय स्क्रीनचं नाही, मुलांनी विषयावर घालवलेल्या वेळेचं आणि डोकं चालवण्याचं आहे. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळं ऑनलाइन गेलं तेव्हा स्क्रीन भरपूर होती, नळी आणि भांडण नव्हतं.

चॅटजीपीटीला विचारलं तर चालेल का?

स्वतःला प्रश्न विचारून घ्यायला चालेल. दिवस, आठवडे आणि कुठल्या आर्चमधून (भ्रूणाच्या घशाजवळच्या कमानीतून) काय तयार होतं याबाबत उत्तर पुस्तकाशी पडताळल्याशिवाय वहीत उतरवू नका. ते चुकीचं उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने देतं.

विभागात दोनच शिक्षक आहेत. सुरुवात कुठून करायची?

सगळा अभ्यासक्रम एकदम घेऊ नका. तीन विषय निवडा: भ्रूणाचं दुमडणं, हृदयाचं वळण आणि पडदे, मिडगट रोटेशन. या तिन्हींत हालचाल आहे आणि तिन्हींचं बालरोग विभागाशी थेट नातं आहे. बालशल्यचिकित्सक किंवा बालरोगतज्ज्ञ असलेल्या एका सहकाऱ्याला वर्षातून तीन तास मागा. शक्य असेल तर मुलांच्या छोट्या गटाला एनआयसीयूच्या (नवजात अतिदक्षता विभागाच्या) काचेपर्यंत घेऊन जा. पहिल्या वर्षी बाकी सगळं लेक्चरनेच शिकवा. दुसऱ्या वर्षी चाचणीच्या उत्तरपत्रिका काढून बघा की मुलं कुठे अडतात, आणि चौथा विषय त्यावरून ठरवा. केलेले व्हिडिओ शेजारच्या कॉलेजलाही द्या. त्यांच्याकडेही दोनच शिक्षक असतील.